मेनरोडच्या देखभालीचा खर्च दुकानदारांनीच उचलायचा? समजून घ्या ‘बाजार वर्गणी’चे गणित

परदेशातील अनेक शहरांत व्यापारी मतदान करून स्वतःवरच दरवर्षी जादा आकारणी लावून घेतात आणि तो पैसा त्याच बाजारपेठेत खर्च होतो. नाशिकच्या मेनरोड, शालिमार, एमजी रोडला हे जमेल का? कायदा काय म्हणतो आणि सगळ्यात मोठी अडचण कुठे आहे? सविस्तर वाचा.

मार्च २०२१ चा शेवटचा आठवडा आठवून पाहा. करोनाची दुसरी लाट वाढत होती आणि नाशिकच्या बाजारात गर्दी हटत नव्हती. तेव्हा शहर पोलिसांनी तोडगा काढला. गर्दीच्या बाजारपेठेत शिरायचे तर माणशी पाच रुपयांची पावती घ्यायची. ती फक्त एका तासासाठी. जास्त वेळ थांबलात तर पाचशे रुपये दंड. देशभर या पावतीची बातमी झाली. काही दिवसांतच, ५ एप्रिलपासून, राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले, अत्यावश्यक सोडून बाकी दुकानेच बंद झाली आणि पावतीचा विषय मागे पडला.

ती पावती गर्दी रोखण्यासाठी होती, पैसा उभा करण्यासाठी नव्हती. पण तिच्यामुळे एक प्रश्न पुढे आला. बाजारपेठ नीट चालवायला जादा खर्च येतो, तो कुणी द्यायचा? गिऱ्हाईकाने, महापालिकेने की दुकानदाराने?

जगातील अनेक शहरांनी याचे उत्तर ‘दुकानदाराने’ असे दिले आहे. या व्यवस्थेला ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’, थोडक्यात ‘बीआयडी’ म्हणतात. आपण तिला सोयीसाठी ‘बाजार वर्गणी’ म्हणू. मात्र ही गणपतीच्या वर्गणीसारखी नाही. तिथे पावती फाडायची की नाही, हे तुमच्यावर असते. इथे एकदा बहुमताने ठरले की विरोधात मत देणाऱ्यालाही पैसे भरावे लागतात.

नेमकी संकल्पना काय?

एका बाजारपेठेची हद्द नकाशावर आखली जाते. त्या हद्दीतील व्यावसायिक मिळून एक आराखडा करतात. जादा सफाई, दिवे, बाके, पार्किंगची व्यवस्था, सुरक्षारक्षक, सणासुदीची सजावट, जाहिरात अशी कामे त्यात लिहिलेली असतात. त्यासाठी दरवर्षी प्रत्येकाने किती द्यायचे, हेही ठरते. आराखडा मान्य झाला की महापालिका नेहमीच्या कराबरोबर ही रक्कम वसूल करते आणि त्या बाजाराच्या मंडळाच्या हाती देते. मंडळाने ती फक्त त्याच हद्दीत खर्च करायची.

म्हणजे वसुलीची ताकद सरकारची आणि खर्चाचा निर्णय बाजाराचा. याच जोडणीवर सगळी व्यवस्था उभी आहे.

सुरुवात कुठून झाली?

कॅनडातील टोरंटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाची बाजारपेठ आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथली भुयारी रेल्वे पुढे वाढली आणि रस्त्यावरून जाणारा ग्राहक जमिनीखालून जाऊ लागला. शहराबाहेर मॉल उभे राहिले. धंदा आटला. काही दुकानदार स्वखुशीने पैसे काढून रस्ता सजवायला तयार होते, पण बाकीचे आयता फायदा घेत होते. मग कायद्यात तरतूद झाली आणि १९७० मध्ये जगातील पहिले असे क्षेत्र तिथे सुरू झाले.

तिथून ही कल्पना अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क एके काळी अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम होते. ते १९८८ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले आणि १९९२ मध्ये नव्या रूपात उघडले. त्याची देखभाल आसपासच्या मालमत्तांवरील अशाच आकारणीतून होऊ लागली. आज एकट्या न्यूयॉर्कमध्ये अशी सत्तरहून अधिक क्षेत्रे आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या मध्यवस्तीत २००० पासून हीच पद्धत आहे. इंग्लंडने २००३ मध्ये कायदा केला आणि पाठोपाठ लंडनजवळच्या किंग्स्टनमध्ये पहिले क्षेत्र सुरू झाले.

ब्लूर वेस्टची कहाणी नाशिककरांना ओळखीची वाटेल. आपल्याकडे भुयारी रेल्वे नाही. पण कॉलेज रोड, गंगापूर रोड वाढले, मॉल आले, मोबाइलवरून घरपोच खरेदी आली. चारचाकी घेऊन मेनरोडला जायचे म्हटले की आधी ‘गाडी कुठे लावायची?’ हा प्रश्न येतो. रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या गावठाणातील पेठांची ही रोजची अडचण आहे. त्यात गोदावरीला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकने ते पाहिले आहे.

पण दुकानदार कर भरतातच ना?

भरतात, आणि थोडाथोडका नाही. घरपट्टीच्या बिलावर सामान्य करासोबत अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशा उपकरांच्या ओळी असतात. बिगरनिवासी मालमत्तेला रोजगार हमीचा उपकरही लागतो. यातील शिक्षण आणि रोजगार हमीचा पैसा महापालिकेचा नसतो. महापालिका तो गोळा करून राज्य सरकारला देते. म्हणजे केवळ व्यावसायिक जागेवर वेगळा उपकर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. फरक इतकाच, की तो पैसा बाजारपेठेत परत येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. जकात होती तेव्हा शहरात माल जास्त आला की महापालिकेची तिजोरी भरायची. २०१३ मध्ये नाशिकची जकात गेली आणि एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी राज्यभर बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो पूर्ण संपला. त्या बदल्यात महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते आणि ती दरवर्षी ठरलेल्या आठ टक्क्यांनी वाढते.

व्यापाऱ्याची जाचातून सुटका झाली, हे खरेच. पण एक धागाही तुटला. मेनरोडचा धंदा दुप्पट झाला काय किंवा निम्मा झाला काय, महापालिकेच्या भरपाईत फरक पडत नाही. घरपट्टीही जागेच्या मूल्यावर ठरते, गल्ल्यावर नाही. एखादी पेठ हळूहळू बसत गेली तरी महापालिकेच्या अंदाजपत्रकाला ते लगेच जाणवत नाही. बाजार वर्गणी हाच धागा पुन्हा जोडू पाहते.

एका पेठेचे गणित मांडून पाहू

समजा, एका पेठेत ४०० दुकाने आहेत. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

• लहान दुकाने २५०, दरमहा ३०० रुपये : ७५,००० रुपये
• मध्यम दुकाने ११०, दरमहा ६०० रुपये : ६६,००० रुपये
• मोठी दुकाने ४०, दरमहा १,५०० रुपये : ६०,००० रुपये
• एकूण दरमहा २,०१,००० रुपये, म्हणजे वर्षाला २४ लाख १२ हजार

लहान दुकानदाराला रोजचे दहा रुपये, म्हणजे एका कटिंगचा खर्च. आता खर्चाची बाजू. संध्याकाळच्या पाळीत सहा सफाई कामगार ठेवले आणि प्रत्येकी २० हजार धरले तर १ लाख २० हजार. गाड्या लावून घ्यायला चार वॉर्डन, प्रत्येकी १८ हजारांनी ७२ हजार. झाले १ लाख ९२ हजार. हातात उरले नऊ हजार.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, वर्गणीतून रस्ता बांधता येत नाही, गटार टाकता येत नाही, सराफ बाजारातील पुराचे पाणी अडवता येत नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडला कोटींचा खर्च आला. २४ लाखांत ते काम होणार नाही. वर्गणीचे काम बांधकामानंतर सुरू होते. बांधलेले टिकवणे आणि रोज स्वच्छ ठेवणे, एवढेच तिचे बळ.

दुसरी गोष्ट, शंभरातील तीस दुकानदारांनी हात वर केले तर महिन्याला १ लाख ४० हजारच जमतील. म्हणजे ५१ हजारांचा खड्डा. पगार थकतील आणि सहा महिन्यांत योजना गुंडाळावी लागेल. स्वेच्छेच्या वर्गणीवर बाजारात सुरू झालेली कामे पुढे का थंडावतात, याचे उत्तर इथे आहे. ‘शेजारी देत नाही, मग मी का देऊ?’ या एका वाक्याने ती बंद पडतात. म्हणूनच ब्लूर वेस्टला कायदा लागला.

मत कुणाचे, पैसे कुणाचे?

वर्गणी सक्तीची असेल तर निर्णय कसा घ्यायचा, याला महत्त्व येते. इंग्लंडमध्ये दुहेरी बहुमत लागते. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यावसायिकांचा होकार हवा आणि त्या होकार देणाऱ्यांच्या जागांचे एकत्रित करमूल्यही निम्म्याहून अधिक हवे. आपल्या उदाहरणात नुसती डोकी मोजली तर २५० लहान दुकानदार ४० मोठ्यांवर खर्च लादू शकतील. नुसते मूल्य मोजले तर मोठ्या शोरूमवाले लहानांना गुंडाळतील. दोन्ही अटी असल्या की एकमेकांशी बोलावेच लागते.

तिथे मंजुरीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते. पुढे चालू ठेवायचे तर पुन्हा मतदान. काम आवडले नाही तर व्यापारी घरचा रस्ता दाखवू शकतात. शिवाय पालिका आधीपासून कोणती कामे किती प्रमाणात करते, हे सुरुवातीलाच लेखी घेतले जाते. नाहीतर बाजाराने झाडूवाले नेमले की पालिका आपले झाडूवाले काढून घेणार, ही भीती असते.

न्यूयॉर्कमध्ये आकारणी जागामालकावर लागते आणि मंडळावर बहुमतही मालकांचेच असते. इंग्लंडमध्ये ती जागा वापरणाऱ्या व्यावसायिकावर लागते. नाशिकच्या गावठाणात हाच प्रश्न सगळ्यात अडचणीचा ठरेल. इथे वाड्याच्या तळमजल्यावर दोन-तीन पिढ्यांपासून जुन्या भाड्यात चालणारी दुकाने आहेत. मालकाला भाडे किरकोळ मिळते, तो म्हणेल, ‘फायदा भाडेकरूचा, मी कशाला भरू?’ भाडेकरू म्हणेल, ‘जागेचे मोल वाढले तर ते मालकाचे.’ दोघांचे म्हणणे खरे आहे. त्यामुळे वाटणी आधी ठरवल्याशिवाय पहिले बिल काढणे म्हणजे कोर्टाचे दार ठोठावणे.

आपल्या कायद्यात हे बसते का?

आज तरी थेट बसत नाही. राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. महापालिकेने कोणते कर लावायचे, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम ठरवतो. व्यापाऱ्यांनी ठरवलेली आणि पालिकेने वसूल करून परत दिलेली आकारणी आणायची तर विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल.

त्यातही एक खाच आहे. व्यापार, व्यवसायावरील कराला कलम २७६ ने वर्षाला माणशी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर राज्य सरकार आधीच घेते. आपल्या उदाहरणातील सर्वांत लहान दुकानाची वर्षाची वर्गणी ३,६०० रुपये होते. ती ‘व्यवसायावरील कर’ ठरली तर पहिल्याच आव्हानात अडकेल. म्हणून ती एकतर मालमत्ता कराशी जोडावी लागेल किंवा ‘शुल्क’ म्हणून आणावी लागेल. शुल्क म्हटले की भरणाऱ्याला त्या बदल्यात सेवा मिळायला हवी. कर आणि शुल्कातील हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून अधोरेखित केला आहे. बाजार वर्गणी त्यात बसू शकते, कारण पैसा त्याच हद्दीत, ठरलेल्या सेवेवरच खर्च होतो.

कायदा बदलेपर्यंत व्यापारी संघटनेने स्वतःच गोळा केले तर? तेही करता येते, पण ते ऐच्छिक राहील. शिवाय वर्षाला २० लाखांच्या वर रक्कम गेली की जीएसटीचा प्रश्न उभा राहू शकतो. संघटनेने सदस्यांना दिलेली सेवाही करपात्र, अशी दुरुस्ती २०२१ च्या वित्त कायद्याने केली आहे आणि त्यावर न्यायालयात वाद झाले आहेत.

भारतात असे कुठे आहे का?

जुन्या बाजारपेठेत नाही, पण औद्योगिक वसाहतींत जवळची उदाहरणे आहेत. बंगळूरुच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीत २०१३ पासून औद्योगिक नगर प्राधिकरण आहे. ते कंपन्यांकडून मालमत्ता कर घेते, त्यातील ३० टक्के आसपासच्या ग्रामपंचायतींना देते आणि उरलेले वसाहतीतील रस्ते, दिवे, पाणी, सुरक्षेवर खर्च करते. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात औद्योगिक वसाहतींची स्थानिक प्राधिकरणे आहेत. तिथे कराचा ३५ टक्के वाटा स्थानिक संस्थेला जातो, बाकी वसाहतीत राहतो. घटनेच्या कलम २४३-क्यू मध्ये औद्योगिक नगरांसाठी वेगळी वाट आहेच.

अंबड आणि सातपूरच्या उद्योजकांना हे वाचून हेवा वाटेल. या वसाहती महापालिका हद्दीत आहेत, घरपट्टी महापालिकेला जाते आणि रस्ते, पथदिवे, सांडपाण्याची मागणी उद्योजक संघटना सतत मांडत असतात. मात्र इथे नीट पाहायला हवे. दक्षिणेतील या पद्धतीत उद्योजक जादा पैसे देत नाहीत, आधीच्या कराचा मोठा हिस्सा आपल्याकडे ठेवतात. तो हिस्सा शहराच्या तिजोरीतून कमी होतो. बाजार वर्गणीत कर तसाच राहतो आणि त्यावर जादा रक्कम येते. दोन्हींत गल्लत करून चालणार नाही.

मुंबईत ऐच्छिक उदाहरण आहे. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, पुढच्या वर्षी कला महोत्सव सुरू झाला आणि त्यातून मिळणाऱ्या पैशातून परिसरातील वारसा वास्तूंच्या जतनाची कामे झाली. पण काळा घोड्याकडे महोत्सवाला पुरस्कर्ते येतात. भांडी बाजाराला कोण पुरस्कर्ता मिळणार?

फेरीवाल्यांचे काय?

परदेशात या व्यवस्थेवर सर्वाधिक टीका याच मुद्द्यावर झाली. पैसे देणाऱ्यांचे मंडळ झाले की पैसे न देणारे नकोसे होतात. न्यूयॉर्कमध्ये पदपथावरील विक्रेते आणि केपटाऊनमध्ये बेघर लोक यांच्याशी खासगी रक्षकांचे वागणे वादात सापडले.

शालिमार, मेनरोडला दुकानदार आणि फेरीवाले यांचा वाद जुना आहे. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना हक्क दिले आहेत. कुणाला कुठे बसू द्यायचे, हे नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने ठरते आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यातील एक तृतीयांश महिला असतात. त्यामुळे ‘आम्ही वर्गणी भरतो, यांना उठवा’ असे कोणत्याही बाजार मंडळाला म्हणता येणार नाही. शिवाय मेनरोडला येणारे अनेक गिऱ्हाईक स्वस्त मालासाठी रस्त्यावरच्या गाड्यांकडेच येते आणि जाता जाता दुकानात शिरते. विक्रेत्यांना मंडळात जागा आणि झेपेल अशी छोटी वर्गणी, हा जास्त टिकाऊ मार्ग आहे.

नाशिकमध्ये खरी अडचण विश्वासाची

२०१८ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले तेव्हा शहर ढवळून निघाले. शेतकऱ्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळे विरोधात गेले आणि आयुक्तांवर अविश्वास ठरावाच्या हालचालीही झाल्या. विरोध फक्त रकमेला नव्हता. ‘आम्हाला न विचारता’ ही तक्रार मोठी होती. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि शहराने प्रशासकाचा मोठा काळ पाहिला. विचारायला नगरसेवकच नव्हता.

स्मार्ट सिटीच्या कामांत गावठाणातील रस्ते खोदले गेले तेव्हा दुकानासमोर चर किती दिवस राहणार, हे दुकानदाराला कळायचा मार्ग नव्हता. अशा अनुभवानंतर ‘आणखी पैसे द्या’ म्हटले तर उत्तर काय येईल, हे सांगायला नको.

आणि तरीही प्रश्न टळत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात मोठी कामे होत आहेत. त्यासाठी सरकारचा पैसा येतो. पण साधू-महंत परतल्यानंतर त्या रस्त्यांची, दिव्यांची, पदपथांची रोजची निगा राखायला वेगळा निधी येत नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, झाडू रोज मारावा लागतो.

तुमच्या पेठेत कुणी अशी वर्गणी मागितली तर हे पाच प्रश्न विचारा

१. महापालिका आज आमच्या रस्त्यावर किती कामगार, किती फेऱ्या देते? ते कमी करणार नाही, हे लेखी मिळेल का?

२. पैसा वेगळ्या बँक खात्यात राहील का आणि दरमहा हिशेब दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईल का?

३. मालक आणि भाडेकरू यांची वाटणी काय?

४. मंडळावर लहान दुकानदार आणि पथविक्रेते किती?

५. योजना कधी संपणार? पुन्हा मतदान न घेता ती पुढे चालू राहणार असेल तर ती वर्गणी नव्हे, नवा कर आहे.

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर रोजच्या एका कटिंगचा हिशेब करून पाहायला हरकत नाही. एकाही प्रश्नाला ‘बघू, करू’ असे उत्तर आले, तर पावती पुस्तक परत पाठवा.